तबकडीवरील चित्रकृती आणि घरच्या प्रेक्षकाचा अभिप्राय

प्रस्तावना

चित्रपटाविषयीचे मत पूर्वी चित्रपटगृहाच्या दारात आकार घेत असे. खेळ संपला, दिवे लागले आणि बाहेर पडणाऱ्या गर्दीत पहिले अभिप्राय उमटू लागले, असा तो क्रम होता. मत बनविणाऱ्याजवळ आधार असे तो स्मरणाचा. सीडी आणि डीव्हीडी या तबकड्या घरोघरी पोहोचल्यावर हा क्रम बदलला. प्रेक्षक चित्रकृती थांबवू लागला, मागे नेऊ लागला, एखादे दृश्य पुन्हा पाहून आपले मत तपासू लागला. त्यामुळे घरी बसून चित्रपट व मालिका पाहणाऱ्या सामान्य रसिकाच्या अभिप्रायाला समीक्षेच्या जवळ जाणारे स्वरूप आले.

या अभिप्रायाकडे अभ्यासकांनी सामान्यतः दोन टोकांनी पाहिले आहे. एका मते चित्रपटगृहातील अंधार आणि समूह यांवाचून चित्रपटाचा खरा अनुभव संभवत नाही. म्हणून घरच्या प्रेक्षकाचे मत दुय्यम ठरते. दुसऱ्या मते वारंवार पाहण्याची सोय असल्याने तेच मत अधिक विश्वसनीय ठरते. दोन्ही भूमिकांत एक प्रश्न अनुत्तरित राहतो. घरच्या प्रेक्षकाने नेमके काय पाहिले? चित्रकृती पाहिली, की तिची एक विशिष्ट प्रत पाहिली? प्रस्तुत लेखाचा विचारविषय हा प्रश्न आहे. तबकडीवरून बनलेले मत कृतीविषयी, प्रतीविषयी आणि स्वतःच्या पाहण्याविषयी असे एकाच वेळी तिहेरी असते. हे तीन पदर वेगळे केले तरच त्याला समीक्षामूल्य प्राप्त होते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

तबकडीने प्रेक्षकाला काय दिले?

१९९३ मध्ये व्हिडिओ सीडीचे प्रमाणीकरण झाले. डीव्हीडी १९९६ च्या अखेरीस प्रथम जपानमध्ये आणि १९९७ मध्ये अमेरिकेत बाजारात आली. ब्ल्यू-रे २००६ मध्ये आली. भारतात, विशेषतः मध्यमवर्गीय घरांत, व्हीसीडीचा प्रसार मोठा झाला. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकण्यास सुरुवात केल्यावर तबकडी भाड्याने आणण्याऐवजी विकत घेऊन संग्रही ठेवणे सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आले. पुस्तकांच्या कपाटाशेजारी तबकड्यांचा कप्पा उभा राहिला. संग्रह आला की तुलना येते आणि तुलना आली की अभिरुचीला युक्तिवादाची जोड मिळू लागते.

डीव्हीडीने चित्रपटाची प्रकरणे पाडली. अनुक्रमणिका उघडून हवे ते प्रकरण पाहण्याची सोय झाल्याने चित्रपट काही प्रमाणात ग्रंथासारखा हाताळता येऊ लागला. ग्रंथाच्या समासात टीका असते, तशी तबकडीवर स्वतंत्र ध्वनिपट्टीवरील भाष्याची सोय झाली. या प्रथेचा आरंभ डीव्हीडीच्याही आधीचा. अमेरिकेतील क्रायटेरियन या प्रकाशनाने १९८४ मध्ये ‘किंग काँग’च्या लेसर-तबकडीवर रोनाल्ड हेव्हर या अभ्यासकाचे भाष्य प्रथम दिले होते. चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्व्ही यांनी २००६ मधील आपल्या ग्रंथात चित्र थांबविण्याच्या या सामर्थ्यामुळे विचारमग्न आणि स्वामित्व गाजवू पाहणारा असे प्रेक्षकाचे दोन नवे प्रकार संभवतात, अशी मांडणी केली. घरच्या प्रेक्षकात हे दोन्ही प्रकार बहुधा एकत्र नांदतात. तो दृश्य थांबवितो ते कधी विचार करण्यासाठी, तर कधी केवळ थांबविता येते म्हणून.

आघातांचे वर्गीकरण : एक उपयुक्त चौकट

या अभिप्रायाचे मूल्यमापन करण्यासाठी नाट्यशास्त्रातील एक विचार उपयोगी पडतो. भरताने सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीचा विचार करताना तिला बाधा आणणाऱ्या आघातांचाही विचार केला आहे. काही आघात दैवी असतात. वारा, अग्नी, पाऊस, सर्प, कीटक यांमुळे ते उद्भवतात. काही परकृत असतात. प्रयोग मोडू पाहणाऱ्यांमुळे ते होतात. काही आत्मकृत असतात. नटाचे विस्मरण, अनुचित अभिनय, अलंकार गळून पडणे हे त्यांचे प्रकार होत. प्रयोगाचे परीक्षण करणाऱ्याने दोष मोजायचा, तर तो कोठून आला हे त्याला कळले पाहिजे, अशी दृष्टी या विवेचनामागे दिसते. पावसाने विस्कटलेला प्रयोग आणि नटाच्या विस्मरणाने विस्कटलेला प्रयोग यांची गणना एकाच खात्यात करता येत नाही.

तबकडीवरील चित्रकृतीला हे वर्गीकरण थोड्या फरकाने लागू करता येते. फीत जळणे, विरणे, रंग उडणे हे दैवी आघात. कापलेली चौकट, अतिसंकोचित चित्र, सदोष भाषांतर हे परकृत आघात. आणि पटकथा, अभिनय वा दिग्दर्शन यांतील उणिवा हे आत्मकृत आघात. याशिवाय भरताच्या काळी नसलेला एक चौथा आघात येथे जोडावा लागतो, तो म्हणजे हाती रिमोट असलेल्या प्रेक्षकाने स्वतःच केलेला. घरच्या प्रेक्षकाच्या मतातील बहुतेक गोंधळ या चारांची सरमिसळ झाल्याने होतो.

प्रतीचे दोष आणि कृतीवरील आरोप

प्रथम चित्राच्या स्पष्टतेचा विचार करू. भारतात प्रचलित असलेल्या पाल पद्धतीच्या व्हीसीडीवर चित्राची मांडणी ३५२ गुणिले २८८ बिंदूंची, म्हणजे सुमारे एक लाख बिंदूंची असते. त्याच पद्धतीच्या डीव्हीडीवर ती ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे चार लाखांची आणि ब्ल्यू-रेवर वीस लाखांहून अधिक बिंदूंची असते. अंधुक प्रकाशातील दृश्ये व्हीसीडीवर चौकोनी ठिकऱ्यांत फुटतात. काळ्या रंगातील छटा एकमेकींत मिसळून जातात. अशी प्रत पाहून ‘छायाचित्रण निकृष्ट आहे’ असा अभिप्राय दिला गेला, तर तो परकृत आघाताचे खापर छायाचित्रकाराच्या माथी फोडतो. एकाच डीव्हीडीवर तीन-तीन चित्रपट दाबून बसविण्याच्या बाजारी प्रथेने डीव्हीडीचाही लाभ कित्येकदा नाहीसा केला.

चौकटीचा दोष याहून गंभीर आहे, कारण तो पाहणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. गुरुदत्त यांचा ‘कागज़ के फूल’ (१९५९) हा भारतातील पहिला सिनेमास्कोप चित्रपट. व्ही. के. मूर्ती यांच्या छायाचित्रणात पडद्याची रुंदी हा केवळ तांत्रिक थाट नाही. दोन माणसांमधील अंतर तेथे आशय बनते. रिकाम्या स्टुडिओत तिरका उतरणारा प्रकाशझोत आणि त्याच्याभोवती परस्परांपासून दूर उभे असलेले नायक-नायिका या दृश्यातील मधली मोकळी जागाच त्यांच्या संबंधाविषयी बोलते. असा २.३५ : १ प्रमाणातील चित्रपट जुन्या दूरचित्रवाणी संचाच्या ४ : ३ चौकटीत कडा कापून बसविला, तर चित्राचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग जातो. मग मधली जागा उरते आणि माणसे जातात, किंवा एक माणूस उरतो आणि अंतर जाते. अशा प्रतीवरून ‘दृश्ये विनाकारण लांबली आहेत’ असे कोणास वाटले तर नवल नाही. ज्याच्यासाठी ती लांबली होती ते पडद्यावर शिल्लकच नसते.

याच्या उलट दोष रुंद संचांबरोबर आला. दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ (१९३६) जवळजवळ चौरस चौकटीसाठी रचलेला आहे. संच १६ : ९ प्रमाणाचा असला आणि चित्र पडदाभर ताणले गेले, की विष्णुपंत पागनीस यांची मूर्ती एक-तृतीयांशाने रुंदावते. ज्या अभिनयाचे सारे बळ चेहऱ्याच्या निर्व्याजतेत आणि देहाच्या साधेपणात आहे, त्याची ही विकृती पाहून नवा प्रेक्षक त्याला बोजड म्हणतो. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या की ‘पडदा वाया गेला’ अशी जी तक्रार घरोघरी ऐकू येते, तिच्या मुळाशीही हाच गैरसमज आहे. पट्ट्या हा चित्राचा ऱ्हास नसून चित्र शाबूत असल्याची खूण आहे.

आवाजाच्या बाबतीतही असेच घडते. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींच्या गतीने चित्रित होतो. पाल पद्धतीच्या तबकडीवर तो बहुधा २५ चौकटींच्या गतीने चालतो. परिणामी १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो आणि आवाज सुधारून घेतला नसल्यास त्याचा सूर अर्धस्वराच्या सुमारे सत्तर टक्के इतका चढतो. संगीतप्रधान चित्रपटाच्या बाबतीत हा फरक नगण्य मानता येत नाही. एखादे पद ध्वनिमुद्रिकेवर ऐकलेल्या रसिकाला तबकडीवर ते किंचित घाईत आणि वरच्या पट्टीत म्हटल्यासारखे वाटले, तर त्याचा कान चुकलेला नसतो. चुकीचा असतो तो गायकावर ठेवलेला ठपका.

पाठभेद : प्रेक्षकाच्या हाती आलेली चिकित्सा

मराठी अभ्यासविश्वाला प्रतींचा हा प्रश्न अपरिचित नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले ते अपपाठ शिरल्याचे जाणवल्यामुळे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम केले ते असंख्य हस्तलिखितांतील पाठ ताडून. कोणत्या पाठाच्या आधारे मत दिले, हे सांगितल्याशिवाय ग्रंथाविषयी विधान करू नये, हा दंडक त्यातून रूढ झाला. चित्रपटाविषयी मात्र हा दंडक पाळला गेला नाही, कारण चित्रपटाला एकच पाठ असतो असे गृहीत धरले गेले. तबकडीने हे गृहीतक मोडले.

‘शोले’ (१९७५) हे याचे सर्वपरिचित उदाहरण. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला ठार करतो. आणीबाणीच्या काळात परीक्षण मंडळाच्या आक्षेपामुळे तो बदलला गेला आणि पोलिसांनी येऊन ठाकूरला रोखल्याचा शेवट चित्रपटगृहांत दाखविला गेला. मूळ शेवटाची प्रत पुढे घरगुती माध्यमांतून प्रेक्षकांपर्यंत पोहोचली. जून २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्या येथील महोत्सवात मूळ शेवटासह पुनरुज्जीवित प्रत दाखविली गेली. सूड आणि कायदा यांविषयी ‘शोले’ काय म्हणतो, हा प्रश्न म्हणूनच पाठाचा उल्लेख केल्याखेरीज सोडविता येत नाही. चित्रपटगृहात पाहिलेल्या पित्याचे आणि तबकडीवर पाहिलेल्या पुत्राचे मत जुळले नाही, तर तो अभिरुचीचा वाद असेलच असे नाही; दोघांनी दोन वेगळे शेवट पाहिलेले असू शकतात.

इंगमार बर्गमन यांच्या ‘फॅनी अँड अलेक्झांडर’ (१९८२) या कृतीचे दोन पाठ आहेत. चित्रपटगृहासाठीचा तीन तासांहून थोडा अधिक, तर दूरचित्रवाणीसाठीचा पाच तासांहून अधिक लांबीचा. दीर्घ पाठात अद्भुताचा धागा अधिक ठळक आहे. लघु पाठात कुटुंबकथा पुढे येते. दोन्ही पाठ तबकड्यांच्या एकाच संचात मिळू लागल्यावर घरच्या प्रेक्षकाला असे काम करता येऊ लागले, जे पूर्वी संग्रहालयातील संशोधकालाच शक्य होते. या अर्थाने तबकड्यांचा चोखंदळ संग्राहक हा पाठचिकित्सेचा घरगुती उपासक ठरतो.

मालिका : तुकड्यांतून समग्राकडे

दूरचित्रवाणी मालिकेच्या बाबतीत तबकडीने केलेला बदल चित्रपटापेक्षा मूलगामी आहे. मालिका ही अवकाशाची कला आहे. दोन भागांमधील आठवडा तिच्या रचनेत अंतर्भूत असतो. तबकडी हा अवकाश पुसून टाकते.

श्याम बेनेगल यांची ‘भारत एक खोज’ ही मालिका १९८८ पासून दूरदर्शनवर दाखविली गेली. तिचे ५३ भाग आहेत. वनराज भाटिया यांचे संगीत लाभलेल्या शीर्षकगीतात ऋग्वेदातील नासदीय सूक्ताचे वसंत देव यांनी केलेले हिंदी रूपांतर येते. आठवड्यातून एकदा ऐकताना ते आवाहन वाटते. एका बैठकीत चार भाग पाहणाऱ्याला ते पुनरुक्ती वाटते आणि रिमोट पुढे धावतो. ओम पुरी अल्लाउद्दीन खिलजीही होतात आणि औरंगजेबही. साप्ताहिक प्रेक्षणात दोन भूमिकांमध्ये पुरेसे अंतर होते. सलग प्रेक्षणात ‘तेच तेच चेहरे’ अशी तक्रार संभवते. ही तक्रार पाहण्याच्या पद्धतीतून जन्मते. मात्र याच सलग प्रेक्षणाने एक लाभही होतो. एकच नटसंच विविध युगांतील सत्ताधीश आणि प्रजाजन साकारतो, यातून इतिहासातील सातत्याविषयी काही सूचित होत असल्याचे लक्षात येते. तुकड्यांत पाहणाऱ्याला ते सहसा जाणवत नाही.

समग्र पाहण्याचे महत्त्व किती असू शकते, हे ‘तमस’च्या इतिहासावरून दिसते. भीष्म साहनी यांच्या कादंबरीवर गोविंद निहलानी यांनी केलेली ही मालिका जानेवारी १९८८ मध्ये दूरदर्शनवर सुरू झाली आणि तिच्या प्रक्षेपणाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका आली. खंडपीठाच्या न्यायमूर्तींनी मालिका स्वतः पाहिली आणि प्रक्षेपणाला आडकाठी केली नाही. फेब्रुवारी १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच निर्णय ग्राह्य धरला. कृतीचा निवाडा सुट्या प्रसंगांवरून न करता तिच्या समग्र परिणामावरून करावा, ही भूमिका त्यामागे होती. सुटा भाग पाहणाऱ्यापुढे हिंसा येते; संपूर्ण कृती पाहणाऱ्यापुढे त्या हिंसेची कारणमीमांसा येते. १९८८ मध्ये न्यायासनाने मुद्दाम वेळ काढून जे केले, ते पुढे तबकडीमुळे कोणत्याही घरात शक्य झाले. तथापि त्याच तबकडीने एखादाच प्रक्षोभक प्रसंग वेगळा काढून पुन्हापुन्हा पाहण्याचीही सोय केली. साधन एकच, त्यातून समग्रतेकडे जायचे की तुकड्याकडे, हे पाहणाऱ्याच्या वृत्तीवर अवलंबून राहिले.

प्रेक्षककृत आघात

घरच्या प्रेक्षकाच्या अभिप्रायात ज्याचा उल्लेख क्वचितच येतो, तो दोष म्हणजे त्याचे स्वतःचे पाहणे. गाणी पळविणे हा त्याचा सर्वांत रूढ प्रकार. भारतीय चित्रपटात गीत पुष्कळदा कथानकाचा काळ पुढे नेते, नात्यातील बदल सूचित करते, ताणानंतर विसावा देते. गाणी वगळून पाहणारा ‘प्रेम एकाएकी कसे जमले?’ असा प्रश्न विचारतो. त्याचे उत्तर त्याने पळविलेल्या पाच मिनिटांत असते.

मध्यंतराचेही तसेच. भारतीय पटकथा मध्यंतराच्या बिंदूकडे चढत जाते. व्हीसीडीवर सुमारे ७४ ते ८० मिनिटांचे चित्र मावत असल्याने तीन तासांचा चित्रपट दोन वा तीन तबकड्यांत विभागावा लागे आणि तबकडी बदलण्याचा क्षण मध्यंतराशी जुळेलच असे नसे. कधी संवादाच्या मध्येच चित्र थांबे. अशा खंडित प्रेक्षणानंतर ‘चित्रपटाची पकड सुटते’ असे मत झाल्यास, ती पकड दिग्दर्शकाने सोडली की तबकडीने, हे तपासणे अगत्याचे ठरते. दूरध्वनी, पाहुणे, जेवणाची वेळ आणि वीजपुरवठा ही या प्रकरणातील पोटकलमे होत.

तथापि या दोषांवरून घरचे प्रेक्षण हीन ठरत नाही. चित्रपटगृहातही उशिरा येणारे, मध्येच उठणारे आणि बोलणारे प्रेक्षक असतच. फरक इतकाच की घरच्या प्रेक्षकाला आपला दोष दुरुस्त करता येतो. त्याला मागे जाता येते. ही सोय असूनही जो मागे जात नाही आणि तरीही ठाम मत देतो, त्याचा दोष अधिक मोठा मानावा लागेल.

स्थिर प्रतीचे महत्त्व

तबकडीचा काळ आता मागे पडला आहे. मोझर बेअर कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून अवसायनात निघाली. अमेरिकेत नेटफ्लिक्सने १९९८ मध्ये सुरू केलेली टपालाने तबकड्या पाठविण्याची सेवा सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली. चित्रकृती आता प्रामुख्याने आंतरजालावरील प्रवाहातून घरी येते. या बदलाने मत बनविणे सोपे झाले. ते पडताळणे मात्र अवघड झाले. २०१९ मध्ये ‘द सिम्पसन्स’ ही अमेरिकी मालिका डिस्नेच्या प्रवाहसेवेवर आली तेव्हा जुन्या भागांच्या वरच्या-खालच्या कडा कापल्या गेल्या होत्या आणि त्यामुळे काही दृश्यविनोदच नाहीसे झाले. प्रेक्षकांनी ते दाखवून दिल्यावर २०२० मध्ये मूळ प्रमाण पुन्हा उपलब्ध झाले. काय गहाळ झाले हे नेमके सांगता आले, कारण मूळ चौकटीतील जुने भाग डीव्हीडीवर घरोघरी शाबूत होते. स्थिर प्रत हा अभिप्रायाचा साक्षीदार असतो, तो असा.

दैवी आघातांच्या संदर्भात हे महत्त्व आणखी वाढते. सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनमधील आगीत होरपळल्या. त्यांतील वाचलेल्या भागांपासून सिद्ध केलेल्या नव्या प्रती २०१५ मध्ये प्रेक्षकांसमोर आल्या. त्यापूर्वी ओरखडलेल्या प्रतींवरून बनलेली ‘पथेर पांचाली’ विषयीची मते आणि नंतरची मते यांत प्रतीचे अंतर आहे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात जुन्या नायट्रेट फितींच्या साठ्याला आग लागली, तीत प्रभातच्या चित्रपटांसह अनेक कृतींच्या मूळ फिती नष्ट झाल्या. अशा परिस्थितीत एखादी स्वस्त, सदोष तबकडीही टाकाऊ राहत नाही. तिच्यावरून कृतीचा निवाडा करू नये, परंतु कृतीचा पुरावा म्हणून ती जपावी. दुय्यम हस्तलिखिताविषयी पाठचिकित्सक हीच भूमिका घेतो.

समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. घरच्या प्रेक्षकाचा अभिप्राय हा चित्रपट व मालिका यांच्या समीक्षेचा स्वतंत्र आणि आदरणीय स्रोत आहे. वारंवार पाहणे, ताडून पाहणे आणि समग्र पाहणे या तीन शक्ती त्याला तबकडीने दिल्या. या अभिप्रायाचे मुख्य दौर्बल्य अभिरुचीचे नसून नोंदीचे आहे. कोणती तबकडी, कोणत्या प्रमाणातील चित्र, कोणता पाठ, कोणत्या भाषेतील सबटायटल्स आणि सलग की खंडित प्रेक्षण, एवढ्या पाच गोष्टी लिहिल्या तरी मताची विश्वसनीयता पुष्कळ वाढते. चित्रपटविषयक निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांकडून अशी नोंद मागणे महाविद्यालयांना सहज शक्य आहे. ग्रंथालयांच्या कपाटांत पडून असलेल्या व्हीसीडी-डीव्हीडींची यादी करणे, त्यांतील मराठी चित्रपट, मालिका व नाट्यप्रयोगांच्या प्रतींची स्थिती तपासणे आणि कायद्याच्या मर्यादेत त्या सुरक्षित ठेवणे हेही तितकेच आवश्यक आहे, कारण तबकड्याही कालांतराने निकामी होतात आणि त्या वाचणारी यंत्रे दिवसेंदिवस दुर्मीळ होत आहेत.

भरताने परीक्षकाकडून आघात ओळखण्याची अपेक्षा केली ती नटाला न्याय मिळावा म्हणून. तबकडीवरील कृतीच्या कर्त्यालाही तोच न्याय मिळायला हवा. ‘चित्रपट आवडला नाही’ असे म्हणण्याचा अधिकार प्रत्येक प्रेक्षकाला आहे. मात्र आवडला नाही तो चित्रपट की त्याची तबकडी, एवढे पाहून घेण्याचे उत्तरदायित्व त्या अधिकाराबरोबरच येते.